डाव्या हाताच्या चिठ्ठ्या

मोठ्या बाई तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन सोमवारी शाळेत आल्या आणि त्यांना फाटकातून येताना बघूनच मास्तरलोक समजले की आता आपलं काही खरं नाही. बाईंच्या काखेत जाडजूड फाइल होती आणि चालण्यात नव्या सुनेची लगबग होती. प्रशिक्षणाचा विषय होता ‘शैक्षणिक संस्थेतील निरोगी कार्यसंस्कृती’. प्रत्येक मुख्याध्यापकानं आपल्या शाळेत त्यासाठी काय केलं, याचा अहवाल शनिवारपर्यंत वरच्या कार्यालयात धाडायचा होता.

आता बाईंचं म्हणाल, तर आपली शाळा मुळातच ठणठणीत आहे असं त्यांचं ठाम मत. “आपली शाळा म्हणजे एक कुटुंब,” हे त्या दिवसातून तीनदा म्हणत, आणि अगदी मनापासून म्हणत. खोटं कशाला बोला, वाईट नव्हत्या हो त्या. कोणाचा वाढदिवस विसरत नसत. शिपाईमामांच्या बायकोला रिक्षा मिळेना तेव्हा स्वतः गाडी काढून दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. पण कुटुंब म्हटलं की कुटुंबाचा जाचही आलाच. कोणी रजा मागितली की बाई म्हणायच्या, “घरच्यांकडे कोणी रजा मागतं का?” आणि कोणी बदलीचा अर्ज आणला, की तो हसत हसत चार तुकडे करून टोपलीत टाकायच्या. वर विचारायच्या, “घर सोडून कुठं निघालीस गं?” ज्याचा अर्ज फाडला तोही हसायचा. बाई हसल्या की आपण हसायचं, हा नियम कुठल्याही फळ्यावर लिहिलेला नव्हता. फळ्यावरच्या नियमांपेक्षा तो जास्त पाळला जायचा, एवढं मात्र खरं.

प्रशिक्षणात सांगितलं होतं की माणसांना न भिता बोलता आलं पाहिजे, त्यासाठी निनावी चिठ्ठ्या घ्या. घ्या म्हणणं सोपं आहे! शिक्षकाच्या जातीसमोर निनावी कसलं राहतंय? अठ्ठावीस वर्षं वह्या तपासलेल्या बाई नुसत्या वेलांटीवरून पोर ओळखत. मग सगळ्यांचं अक्षर लपवायचं कसं? घरी जाताना बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळ्यांनी डाव्या हाताने लिहायचं! कोणाचंच अक्षर कोणाला ओळखू येणार नाही. ही युक्ती त्यांनी घरी नवऱ्याला सांगितली, शेजारणीला सांगितली, आणि मंगळवारी अहवालाचा कच्चा मसुदाही लिहून टाकला. ‘कर्मचारी अत्यंत मोकळेपणाने व्यक्त झाले. गंभीर तक्रार एकही आली नाही.’ चिठ्ठ्या अजून कोऱ्याच होत्या, पण बाईंना कुठला दम धरवतोय!

बुधवारी शेवटची घंटा झाली. शिक्षकखोलीत लांब टेबलाभोवती अठरा जण बसले. मध्ये खडूचं रिकामं खोकं. बाई उभ्या राहिल्या.

“चिठ्ठ्या मी घरी नेणार नाही, आधी चोरून वाचणार नाही. इथंच, तुमच्यासमोर, एकेक उघडून मोठ्यानं वाचणार. माझ्याविरुद्ध असली तरी वाचणार. शब्द आहे माझा! फक्त डाव्या हाताने लिहायचं.”

टेबलाच्या टोकाला एक हात वर झाला. विज्ञानबाईंचा. या विज्ञानबाई म्हणजे चाळिशीच्या, अकरा वर्षं याच शाळेत, पण खोलीत आहेत की नाहीत हे बघायला मान वळवावी लागेल अशा. मधल्या सुट्टीत डबाही त्या प्रयोगशाळेतच खात. कधी तक्रार नाही, कधी उलट उत्तर नाही. बाई नव्या शिक्षकांना त्यांचंच उदाहरण द्यायच्या.

“बाई, एक शंका होती. म्हणजे, जे कोणी—”

“शंका नंतर! डावा म्हणजे डावा, पळवाट नाही,” बाई म्हणाल्या. सगळे हसले. विज्ञानबाईंनी हात खाली घेतला.

मग जी काय गंमत सुरू झाली! जन्मभर दुसऱ्यांच्या अक्षराला नावं ठेवलेली माणसं जीभ बाहेर काढून लिहायला बसली. पीटीच्या सरांची एक ओळ अख्ख्या कागदावर मावेना. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, “अगंबाई, माझा ‘क’ उताणाच पडला की!” हसून हसून पुरेवाट झाली. बाई खुर्चीत बसून हे सगळं कौतुकानं बघत होत्या. याला म्हणतात कुटुंब, त्यांच्या मनात आलं.

खोकं भरलं. बाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. पहिली चिठ्ठी लागता लागेना. शेवटी गणिताच्या सरांनी आडवी धरून लावली, तर निघालं, ‘चहा गार येतो.’ दारात उभ्या असलेल्या मामांनी कपाळावर हात मारला. दुसरी, ‘पंखा कुरकुरतो.’ तिसरी, ‘शनिवारच्या सभा कमी करा.’ यावर बाई म्हणाल्या, “हे कोण ते मला अक्षर न बघताही कळलं!” आणि पुन्हा हशा झाला. पीटीच्या सरांचे कान लाल झाले.

नववी की दहावी चिठ्ठी उघडली आणि बाई थबकल्या. चार घड्यांच्या आत सुरेख, सरळ, मोत्यासारखं अक्षर. एकही खाडाखोड नाही.

“अरे वा! हा कोण लबाड?” बाईंनी चिठ्ठी झेंड्यासारखी वर धरली. “सगळे बिचारे डाव्या हाताने घाम गाळताहेत आणि एकजण खुशाल उजव्या हाताने लिहून मोकळा! मी सांगितलं होतं ना, पळवाट नाही म्हणून? चला, हात वर करा. चोराला शिक्षा काय द्यायची, सांगा!”

सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले. बोटं दाखवली जाऊ लागली. “तूच!” “मी नाही बाबा!” असं चाललं होतं, आणि टेबलाच्या टोकाचा हात पुन्हा वर झाला.

“बाई, मी नियम मोडला नाही,” विज्ञानबाई म्हणाल्या. “मी डावखुरी आहे.”

 मग इंग्रजीच्या बाई पुटपुटल्या, “म्हणून तुझं कोपर मला लागायचं होय!” पण या खेपेला कोणी हसलं नाही. अकरा वर्षं एका टेबलाशी बसलेली सतरा माणसं विज्ञानबाईंच्या हाताकडे पहिल्यांदाच बघत होती. करंगळीखाली तळव्याच्या कडेला शाईचा निळा डाग होता. आजचा नव्हता तो, मुरलेला होता.

“हो की गं! माझ्या लक्षातच...” बाई घाईघाईनं म्हणाल्या, आणि तोंडावरचा घाम लपवायला जे हातात होतं ते वाचू लागल्या. “‘चार वर्षांपूर्वी, सहामाहीच्या पेपरांत, मी अर्ध्या दिवसाची रजा मागायला आले होते. माझ्या वडिलांच्या घशाचं ऑपरेशन होतं...’”

डोळे जिभेच्या एक ओळ पुढे धावतात. बाईंचे डोळे पुढच्या ओळीत गेले आणि तिथं ‘आइस्क्रीम’ हा शब्द त्यांना दिसला. त्या क्षणी सगळं आठवलं. हीच खोली होती. आपणच काय म्हणालो, कसे सगळे हसले, तेही आठवलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

बाईंची जीभ थांबली. अठरा जण वाट बघत होते.

“पुढचं...” बाई म्हणाल्या, “पुढचं अक्षर लागत नाही.”

आत्ता, या क्षणाला, ज्या अक्षराचं कौतुक करून झेंडा फडकवला होता, ते लागत नाही! अठराच्या अठरा जणांना कळलं की बाई खोटं बोलल्या, आणि त्यांना कळलं हे बाईंना कळलं.  बाईंनी चिठ्ठीची घडी केली, खोक्याच्या तळाशी सारली आणि पुढची उचलली. त्यात काय होतं हे नंतर कोणालाच आठवेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खोली रिकामी झाल्यावर बाई तशाच बसून राहिल्या. मामा कप गोळा करायला आले. ते एकेक कप उचलून ट्रेमध्ये ठेवत होते. टोकाच्या कपाशी आल्यावर बाईंनी बघितलं, त्या एकट्या कपाचा कान डावीकडे होता.

“मामा, तुम्हाला माहीत होतं?”

“काय, बाई?”

“विज्ञानबाई डावखुऱ्या आहेत ते.”

“आता काय सांगायचं! पहिल्याच दिवशी मी कान उजवीकडे करून कप ठेवला, तर उचलताना चहा साडीवर सांडला त्यांच्या. तेव्हापासून फिरवून ठेवतो.” मामांनी ट्रे उचलला. “चहा गार येतो म्हणून कोणी लिहिलं हो? अठरा कप मांडायचे म्हणजे वेळ लागतोच की.”

बाईंनी खोकं कपाटात ठेवून कुलूप घातलं. ती चिठ्ठी काढून पुरी वाचायला हवी, हे कळत होतं. धीर झाला नाही.

घरी जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा शिंपी, शब्द मोजूनमापून वापरणारा. बाईंना वाटलं, म्हणेल, जाऊ दे गं, चेष्टेत होतं असं. तो म्हणाला, “माझ्याकडे नवं गिऱ्हाईक आलं की ते कोणत्या हातानं पैसे काढतं ते मी आधी बघतो. खिसा कुठल्या बाजूला लावायचा ते कळतं. पाच मिनिटांत कळतं. तुला अकरा वर्षं लागली?”

“मला काय शर्ट शिवायचेत का त्यांचे?” बाई फणकारल्या.

“नाही. तू कुटुंब म्हणतेस ना, म्हणून म्हटलं.”

बाईंनी पान तसंच सारलं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. अंगाला चिकटलेल्या ओल्या कपड्यासारखी ती उठता-बसता जाणवत होती.

गुरुवारी मधल्या सुट्टीत त्या प्रयोगशाळेत गेल्या. अकरा वर्षांत डब्याच्या वेळी तिथं त्या पहिल्यांदाच जात होत्या. विज्ञानबाई ओट्याच्या कडेला, परीक्षानळ्यांच्या घोडीशेजारी डबा उघडून बसल्या होत्या. उठायला लागल्या.

“बस गं, बस. मी हे द्यायला आले.” बाईंनी घडी केलेली चिठ्ठी पुढं केली. “मी पुढं वाचलेली नाही. कोणी वाचणार नाही. तुझी तुला परत. आणि काल मी जे केलं, त्याचं... मला माफ कर.”

विज्ञानबाईंनी चिठ्ठीला हात लावला नाही.

“ही आता माझी नाही, बाई. खोक्यात टाकली तेव्हाच शाळेची झाली. तुम्ही मोठ्यानं वाचणार म्हणाला होतात.”

“अगं, पण सगळ्यांसमोर... तुझंच खाजगी...”

“अर्धी वाचलीत ना? कालपासून सगळे येऊन विचारताहेत, पुढं काय होतं, पुढं काय होतं. किती जणांना सांगू? तुम्हीच वाचा.” त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गात प्रयोग सांगताना असतो तसाच होता. बाईंना वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं.

“वडील बरे आहेत ना आता?” बाईंनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, आणि विचारताना जाणवलं की हा प्रश्न चार वर्षं उशिरा आला.

“चिठ्ठीत आहे,” विज्ञानबाई म्हणाल्या. मग त्यांनी दप्तरातून एक कागद काढला. “आणि हा बदलीचा अर्ज. घराजवळच्या शाळेत जागा आहे. फाडायच्या आधी तारीख तेवढी बघा. शनिवार शेवटचा दिवस.”

‘फाडायच्या आधी.’ साधं बोलल्या, टोमणा मारायचा म्हणूनही नाही. उन्हाला ऊन म्हणावं तसं बोलल्या. बाई दोन्ही कागद घेऊन जिना उतरल्या आणि वाटेत भेटलेल्या तीन मुलांचे नमस्कार त्यांना दिसलेच नाहीत.

अर्ज टेबलावर पडून होता. फाडायचा प्रश्नच नव्हता, पण दाबून ठेवता आला असता. शनिवार गेला की संपलं. विज्ञानबाई राहिल्या असत्या, मग सावकाश त्यांची समजूत काढता आली असती, त्यांना जवळ करता आलं असतं, सगळं भरून काढता आलं असतं. असे चांगले चांगले विचार बाईंच्या मनात आले. त्यांना भरून काढायचं होतं, आणि त्यासाठी पुन्हा त्या बाईलाच अडवून ठेवायचं होतं! हे लक्षात आलं तेव्हा बाई चरकल्या. शेजारीच अहवालाचा मसुदा होता. ‘गंभीर तक्रार एकही आली नाही.’ त्यांनी तो मात्र फाडला, चार तुकडे करून, हात सरावलेलाच होता.

शुक्रवारी शेवटच्या घंटेनंतर बाईंनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. विज्ञानबाई नेहमीच्या टोकाला बसल्या. बाई बसल्या नाहीत.

“बुधवारी मी खोटं बोलले,” त्या म्हणाल्या. “अक्षर लागत होतं. मला वाचवत नव्हतं. ज्यांची चिठ्ठी आहे त्यांनी वाचायला सांगितलं आहे. मीही पुढचं तुमच्याबरोबरच वाचते आहे.”

त्यांनी घडी उघडली. कागद टेबलावर ठेवून, वाकून त्या वाचू लागल्या.

“‘चार वर्षांपूर्वी, सहामाहीच्या पेपरांत, मी अर्ध्या दिवसाची रजा मागायला आले होते. माझ्या वडिलांच्या घशाचं ऑपरेशन होतं. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, घशाचं? मग काय, मजाच की! आइस्क्रीम मिळेल त्यांना. पेपर संपले की तूही जाऊन खा.’”

सवय वाईट. टेबलापाशी कोणाच्या तरी तोंडून हसण्याचा अर्धा आवाज फुटला आणि तिथंच गिळला गेला. पीटीचे सर खाली बघत होते. बाई पुढं वाचत राहिल्या.

“‘सगळे हसले. मीही हसले. वडिलांच्या घशात गाठ होती. ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा जाणार होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन वाजता आत नेऊ, त्याच्या आत जे काय बोलायचं ते बोलून घ्या. मी पेपर गोळा करून, मोजून, गठ्ठे बांधून निघाले आणि साडेतीनला पोचले. आई म्हणाली, ते तीनदा विचारत होते, आली का म्हणून.’”

 पाण्याचा पेला कोणीतरी पुढं सरकवला, तो त्यांनी घेतला नाही.

“‘त्यांना मला काय सांगायचं होतं, ते नंतर मी विचारलं. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं, विशेष काही नव्हतं, घरात तुला ज्या नावानं हाक मारतो ती एकदा मारायची होती. दुसऱ्या दिवशी शाळेत मला कोणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आदल्या दिवशी मी हसले होते ना. एकदा हसल्यावर मग सांगायचं कसं? बाईंवर राग नाही असं लिहिणार होते, पण राग आहे.’”

शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. बाईंनी त्या आधी मनात वाचल्या. धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं, असं त्यांना वाटलं. पण शब्द दिला होता. त्यांनी चष्मा सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

“‘अक्षर बदललेलं नाही. हे आठवणारं इथं कोणी असेल असं वाटत नाही, आणि मी कोणत्या हातानं लिहिते हे अकरा वर्षांत कोणी बघितलेलं नाही. तेव्हा ओळखू येण्याची भीती नाही.’”

कोणी मान वर केली नाही. इंग्रजीच्या बाई रडत होत्या. बाईंनाही रडू येत होतं, पण त्यांनी ते आवरलं. आपण रडलो की सगळे उठून आपल्याच पाठीवर हात फिरवणार, हे त्यांना ठाऊक होतं, आणि आज तो हात आपल्या पाठीवर नको होता.

त्यांनी फाइलीतून बदलीचा अर्ज काढला. ‘शिफारस करते, विलंब न करता सोडावे,’ असं सगळ्यांसमोर लिहिलं आणि खाली सही केली.  सही अशी वेडीवाकडी आली, की ‘काय बाई, डाव्या हातानं केलीत का?’ असं परवापर्यंत कोणीही म्हणालं असतं आणि सगळी खोली हसली असती. आज कोणी म्हणालं नाही.

विज्ञानबाई उठून आल्या. त्यांनी डाव्या हातानं अर्ज घेतला आणि तारीख तपासली.

“बाई, मी नि—” रोजच्या सवयीनं ‘निघू का’ असं त्या विचारणार होत्या, ते अर्ध्यात थांबलं. “निघते मी. वडील वाट बघतात,” त्या म्हणाल्या.

“हो,” बाई म्हणाल्या. “नीघ.”

दारातून मामा ट्रे घेऊन आत येत होते, ते बाजूला झाले. मग त्यांनी एकेक कप टेबलावर मांडला. टोकाला आल्यावर सवयीनं कपाचा कान डावीकडे वळवला, आणि मग रिकाम्या खुर्चीकडे त्यांचं लक्ष गेलं.

“राहू दे, मामा,” बाई म्हणाल्या. “तो कप तसाच राहू दे.”